चाळिशी-पन्नाशीत पुन्हा गोल्फ : सुरुवात कुठून करावी?

माळरान

नमस्कार मंडळी.

पंचविसेक वर्षांच्या खंडानंतर पुन्हा गोल्फकडे वळलोय. वय 53, मुक्काम पुणे. या वाटेनं आधी गेलेलं इथं कोणी असेल तर त्यांच्याशी बोलायचंय, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. वडील लष्करात होते. त्यामुळे शाळा-कॉलेजची वर्षं छावण्यांत गेली, आणि छावणी म्हटली की मेस, परेड ग्राउंड आणि गोल्फ कोर्स हे आलंच. दहावीनंतरच्या सुट्टीत वडिलांनी हातात अर्धा सेट दिला, तेव्हापासून नोकरी लागेपर्यंत भरपूर खेळलो. हँडिकॅप, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा, 12 वर आला होता. मग नोकरी, बदल्या, मुलीची शाळा, घराचे हप्ते. बॅग माळ्यावर गेली ती गेलीच. आता मुलगी शिकायला बंगळुरूला आहे, शनिवार-रविवार मोकळे असतात, आणि साखर काठावर आल्यामुळे डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. सोसायटीभोवती नुसत्या फेऱ्या मारण्यात मन रमत नाही. मग बॅग खाली काढली.

वडिलांचा लाकडी ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायचा क्लब, निघाला, पर्सिमनच्या लाकडाचा. मानेला गुंडाळलेला दोरा सुटून लोंबतोय, पण तोंडावरची पट्टी आणि तिचे स्क्रू अजून जागच्या जागी आहेत. 3 ते 9 आकड्यांचे पातळ पात्यांचे आयर्न (लोखंडी क्लब), एक सँड वेज (वाळूतून बॉल काढायचा), पितळी पटर (भोकाजवळ बॉल सरपटवायचा). ग्रिपा वाळून चकचकीत झाल्यात, पकड बसतच नाही. आणि एका लोकरी मोज्यात बांधून ठेवलेले जुन्या ब्रिटिश मापाचे छोटे बॉल.

दोन-चारदा रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, जाऊन आलो. डोक्यात स्विंग जसाच्या तसा आहे. बॅकस्विंगला डावा खांदा हनुवटीखाली आला पाहिजे हे अंगात मुरलेलं आहे, पण तो आता तिथवर येतच नाही. अर्ध्यावर अडतो, मग हात एकटेच वर जातात आणि बॉल उजवीकडं वाहत जातो. दुसऱ्या दिवशी कंबर उजव्या बाजूनं धरते. तरी मधूनच एखादा 7 आयर्न असा लागतो की हाताला काही जाणवतच नाही, नुसता आवाज येतो. त्या एका आवाजासाठी परत जावंसं वाटतं.

जाणकारांनी सांगावं : जुना स्विंग परत मिळवण्याच्या मागे लागावं की सरळ नव्यानं शिकावं? हे क्लब चालतील का? आणि सौ. पण येते म्हणतेय, तिनं कधीच खेळलेलं नाही, तर दोघांनी एकदम सुरू करणं जमतं का?

पहाटवारा

वाचतोय. मीही याच कुंपणावर बसलोय. माझं वय 47, कॉलेजात असताना काकांबरोबर खेळायचो.

कॅन्टोन्मेंटकर

माळरान, तू माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान आहेस, म्हणून अरे-तुरे करतो. मी 70 पार केली. निवृत्तीच्या आधी पाठीचं ऑपरेशन झालं, सहा वर्षं क्लबला हात लावला नव्हता, त्यानंतर पुन्हा सुरू केलं. त्यामुळे सांगण्याचा थोडा अधिकार आहे.

पहिली गोष्ट, रेंजवर जाऊन ड्रायव्हर काढणं महिनाभर बंद कर. भोकापासून मागे मागे येत शीक. पार 72 च्या, म्हणजे 72 फटक्यांत संपवायच्या, कोर्सचं गणित बघ : 18 पैकी प्रत्येक ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक गवतावर) दोन पट, म्हणजे पटरचे फटके, धरलेले असतात, म्हणजे 36 फटके. खेळाचा निम्मा हिशेब पटरवर आहे, आणि पटला ना खांदा वळावा लागतो ना कंबर. 25 व्या वर्षीचं तुझं शरीर परत येणार नाही, पण त्या वयात तुला नसलेला धीर आता आहे, आणि तो सगळा ग्रीनवर कामाला येतो. आधी दोन फुटांवरून, मग चार, मग तीस फुटांवरून बॉल भोकाच्या आसपास थांबवायचा. त्यानंतर ग्रीनच्या काठावरून चिप, म्हणजे छोटा उचललेला फटका. त्यानंतर पन्नास यार्ड. असं करत करत टीपर्यंत, म्हणजे होलचा पहिला फटका मारतात तिथपर्यंत, पोहोचायचं.

तुला ब्राऊन आठवतात का? आमच्या काळात लहान छावण्यांच्या कोर्सवर ग्रीन परवडायची नाहीत. वाळूत तेल मिसळून दाबून गोल चकती करायची, तिच्या मध्ये भोक. पटच्या आधी कॅडी (बॅग वाहणारा मदतनीस) गोणपाट ओढून बॉलपासून भोकापर्यंतचा पट्टा सपाट करायचा. चढ-उतार जवळजवळ नसायचाच, सगळा खेळ वेगाचा. मी पटिंग तिथं शिकलो. खऱ्या ग्रीनवर आल्यावर रेषा नव्यानं वाचायला शिकावी लागली, पण वेगाचा अंदाज ब्राऊनचाच कामी आला. तुझ्या हातातही तो असणार. त्यावर बांधकाम कर.

आणि वयाचं म्हणशील तर महूच्या मुकेश कुमारनं 2016 मध्ये दिल्लीत पॅनासोनिक ओपन जिंकली, एशियन टूरवरचं त्याचं पहिलं विजेतेपद, वय 51. टॉम वॉटसन 2009 मध्ये टर्नबेरीला ब्रिटिश ओपनच्या प्लेऑफपर्यंत पोहोचला तेव्हा 59 वर्षांचा होता, आणि त्याच्या आदल्या वर्षीच त्याचा खुबा बदललेला होता. हे लोक आयुष्यभर खेळलेले, त्यांची आपली बरोबरी नाही हे मान्य. पण वय झालं की हा खेळ संपतो असं नाही, एवढं त्यातून कळतं.

हाडं_आणि_सांधे

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला. गोल्फ खेळणारे बरेच पेशंट येतात आणि त्यातले निम्मे माळरान यांच्यासारखे, मोठ्या खंडानंतर परतलेले. त्यामुळे इथं जरा सविस्तर लिहिते.

गोल्फच्या स्विंगमध्ये वळायचं काम मुख्यतः दोन ठिकाणी होतं : छातीच्या मागचा मणका आणि खुबे. कमरेचे मणके वळण्यासाठी बनलेलेच नाहीत, ते पुढे-मागे वाकतात. वीस-पंचवीस वर्षं खुर्चीत बसून काम केलं की पाठीचा वरचा भाग आणि खुबे जखडतात. पण डोक्यातला जुना स्विंग तेवढंच वळण मागतो. मग ते कमरेतून काढलं जातं आणि कंबर धरते. उजव्या हातानं खेळणाऱ्याची उजवी बाजू दुखणं अगदी ठरलेलं आहे.

घरी करून बघा. खुर्चीत ताठ बसा, गुडघ्यांमध्ये उशी दाबून धरा म्हणजे खुबे हलणार नाहीत, हात छातीवर घडी घाला आणि डावी-उजवीकडे वळा. दोन्हीकडे साधारण 45 अंश वळता आलं तर उत्तम. नसेल तर आधी ते मिळवा. त्यासाठी कुशीवर झोपून, गुडघे पोटाशी घेऊन, वरचा हात पुस्तकाचं पान उलटावं तसा मागं उघडायचा. रोज सकाळी, दोन्ही बाजूंनी, घाई न करता. काही आठवड्यांत फरक पडतो.

तोवर स्विंगमध्ये दोन सवलती घ्या. बॅकस्विंगला डावी टाच उचलू द्या. जुन्या पिढीतले खेळाडू ती उचलायचेच, जॅक निकलॉस सर्वांत प्रसिद्ध. टाच उचलली की खुबा मोकळा होतो. आणि उभं राहताना डावं पाऊल थोडं बाहेर, लक्ष्याकडे उघडं ठेवा, म्हणजे फटक्यानंतर गुडघ्यावर पीळ कमी येतो.

रेंजवरच्या चटईबद्दल. तिच्याखाली काँक्रीट असतं. गवतावर क्लब जमिनीत थोडा शिरतो, इथं तो आपटतो आणि हादरा सरळ कोपरात जातो. कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागलं तर ते गोल्फर्स एल्बो, बाहेरच्या बाजूला दुखलं तर टेनिस एल्बो. गंमत म्हणजे गोल्फ खेळणाऱ्यांना दोन्ही होतात. शंभर-शंभर बॉलच्या बादल्या एका दमात मारू नका. तीस-चाळीस पुरेत, मध्ये थांबून.

साखरेचं : 18 होल चालत खेळलात तर आठ-दहा किलोमीटर चाल सहज होते आणि चार-साडेचार तास जातात. गोळ्या चालू असतील तर त्यातल्या काही साखर फार खाली आणू शकतात, म्हणून खेळायच्या दिवशी डोस आणि खाण्याच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच ठरवा. बॅगेत केळं, शेंगदाण्याचा लाडू असू द्या. स्वीडनमध्ये तीन लाख गोल्फ खेळणाऱ्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यात त्याच वयाच्या इतरांपेक्षा त्यांचं मृत्यूचं प्रमाण 40 टक्क्यांनी कमी दिसलं. असे लोक मुळातच जास्त निरोगी असू शकतात, त्यामुळे सगळं श्रेय खेळाला देता येत नाही, पण चालण्याचा वाटा आहेच. शक्य असेल तोवर कोर्सवर गाडी घेऊ नका, चाला.

लोखंड_की_ग्राफाइट

ताई, फार उपयुक्त प्रतिसाद. मी क्लबांबद्दल लिहितो, हा माझा आवडीचा प्रांत.

माळरान, आधी फक्त ग्रिपा बदला. बाकी काहीही विकत घेण्याआधी. वाळलेली ग्रिप निसटू नये म्हणून आपण नकळत मूठ आवळतो, मूठ आवळली की मनगट जाम, आणि मग क्लबचं तोंड बॉलवर यायच्या वेळी उघडंच राहतं. तुमच्या उजवीकडं वाहणाऱ्या बॉलमागे हे एक कारण नक्की असणार.

पटर आणि सँड वेज ठेवा. ड्रायव्हर भिंतीवर लावा, मानाचा आहे. आताचे ड्रायव्हर टायटॅनियमचे, डोकं 460 सीसीपर्यंत, नियमाची कमाल मर्यादाच ती आहे. मधोमध बसला नाही तरी बॉल बऱ्यापैकी सरळ जातो. पर्सिमनवर अर्धा इंच इकडंतिकडं झालं की संपलं. तुमचा 3 आणि 4 आयर्न तर तरुणांनाही जड जातो. त्यांच्या जागी दोन हायब्रिड (आयर्न आणि ड्रायव्हरच्या मधले क्लब) घ्या, रफमधून, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतातूनसुद्धा, बॉल वर उचलतात.

आयर्नच्या आकड्यांवर जाऊ नका. तुमच्या जुन्या 7 आयर्नचा कोन 35-36 अंशांच्या आसपास असेल. आजच्या बऱ्याच सेटमध्ये 7 वर 30 किंवा त्याहूनही कमी असतो, म्हणजे तो जुना 5 किंवा 6 आहे आणि वर आकडा 7 चा. शेजारचा 7 नं 150 यार्ड मारतो आणि मी 130 मारतो असं मनाला लावून घेणारे लोक मी पाहिलेत. त्याला काही अर्थ नाही.

शाफ्ट, म्हणजे क्लबची दांडी, मात्र नीट बघून घ्या. पंचविशीत स्टिफ (कडक) वापरत असाल तर आता रेग्युलर, कदाचित त्याहून मऊ सीनियर. आयर्नमध्येही ग्राफाइट घेतला तर वजन कमी होतं आणि कोपराला हादरा कमी बसतो. सेकंडहँड सेट भरपूर मिळतात, हौसेनं घेऊन वर्षात सोडून दिलेले. एकूण 14 पेक्षा जास्त क्लब बॅगेत चालत नाहीत, आणि तुम्हाला सुरुवातीला आठ-नऊ पुरतील.

ते छोटे बॉल 1.62 इंच व्यासाचे. 1990 पासून ते नियमात बसत नाहीत, किमान व्यास आता 1.68 इंच. शिवाय आत रबराचा धागा गुंडाळलेला असेल तर तो एव्हाना मेलेला असणार. जपून ठेवा, खेळू नका.

सईची_आई

सौ. बद्दल विचारलंय म्हणून लिहिते. मी लग्नाआधी खेळायचे, मग वीस वर्षं नाही, 46 व्या वर्षी परत सुरू केलं. नवरा माझ्याबरोबर शून्यातून शिकला. जमतं, छान जमतं, पण एक अट : त्यानं तिला किंवा तिनं त्याला शिकवायचं नाही. दोघांचा कोच एक असला तरी तास वेगवेगळे घ्या. कोर्सवर मात्र एकत्र जा.

आता परतणाऱ्यांना काही गोष्टी पूर्वीपेक्षा सोप्या आहेत. 2020 पासून जागतिक हँडिकॅप पद्धत आली. बायका-पुरुष सगळ्यांसाठी कमाल 54. तीन राउंडांइतके स्कोअर दिले की तुमचा हँडिकॅप निघतो, पुढे शेवटच्या 20 मधले सर्वांत चांगले 8 धरतात. त्यामुळे माळरान, तुमचा जुना 12 विसरा आणि नव्यानं काढून घ्या. जो आकडा येईल तो आजचा. त्यात 30 आला तर 30. त्या आकड्यावर तुम्ही आणि तुमच्या घरचे एकाच सामन्यात बरोबरीनं खेळू शकता. दुसरा कुठला खेळ ही सोय देतो?

आणि स्ट्रोक मोजत बसू नका, स्टेबलफर्ड खेळा. हँडिकॅप धरून त्या होलवर पार केलात तर 2 गुण, एक जास्त लागला तर 1, एक कमी तर 3. दोन किंवा अधिक जास्त लागले की शून्य, बॉल उचला आणि पुढच्या टीवर चला. एका होलला दहा लागले म्हणून अख्खा राउंड वाया जात नाही. 1932 पासूनची पद्धत आहे, पण मला वाटतं ती पुन्हा खेळायला लागलेल्यांसाठीच काढली असावी.

टीचं पण सांगते. पुढच्या टीला बायकांची टी म्हणायची सवय आपल्याकडं फार आहे, ती सोडायला हवी. एक सरळ हिशेब आहे : तुमचा 5 आयर्न किती यार्ड जातो त्याला 36 नं गुणा. 150 जात असेल तर 5400 यार्ड लांबीचा कोर्स तुम्हाला योग्य. 6500 च्या टीवरून खेळलात तर प्रत्येक पार 4 ला दुसरा फटका लाकडी क्लबनंच मारावा लागेल, आणि ग्रीनवर बॉल थांबवण्याची मजा कधी मिळणारच नाही. माझ्या फोरबॉलमधले (चौघांच्या गटातले) दोन निवृत्त गृहस्थ पुढच्या टीवर आले आणि त्यांचा खेळ महिन्याभरात उजळला.

माणदेशी

मला या खेळातलं कळत नाही, कधी खेळलेलो नाही. पण धागा वाचला आणि मनात आलं ते लिहितो. माण तालुक्यात मे महिन्यात टँकरची वाट बघत मोठा झालोय. हिरवंगार मैदान उन्हाळ्यात बघितलं की पोटात तुटतं. तुम्ही सगळे मनापासून लिहिताय, कुणाला दुखवायचं नाही. पण ज्या मैदानावर खेळता तिथं पाणी कुठून येतं हे कुणी विचारतं का?

हरळी

माणदेशी, तुमचा प्रश्न या धाग्यात यायलाच हवा होता. मी कृषी पदवीधर, वीस वर्षं टर्फच्या, म्हणजे मैदानी गवताच्या, कामात आहे, त्यामुळे जे हातानं केलंय तेवढंच सांगतो.

18 होलचा कोर्स साधारण शंभर ते दीडशे एकरांचा. त्यातली सगळी ग्रीन मिळून अडीच-तीन एकर भरतात. रोज पाणी लागतं ते एवढ्याला. फेअरवेवरची (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या पट्ट्यावरची) बर्म्युडा म्हणजे आपल्या बांधावरचीच हरळी. शेतकरी तिला मुळासकट उपटून थकतो इतकी चिवट. पाणी तोडलं तर पिवळी पडते, झोपते, आणि वळवाचा पहिला पाऊस झाला की उठते. मे महिन्यात फेअरवे पिवळे ठेवले तर खेळ बिघडत नाही, उलट बॉल जास्त धावतो. हिरवं ठेवण्याचा हट्ट हा दूरदर्शनवरचे परदेशी सामने बघून आलेला आहे.

दुसरं, सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते वापरणं. हे होतं, चांगलं होतं, गवताला त्यातलं नत्रही मिळतं, क्षारांवर लक्ष ठेवावं लागतं एवढंच. पण सगळीकडं होत नाही. जिथं उन्हाळ्यात बोअरचं पाणी फेअरवेवर सोडतात तिथं सभासदांनी उभं राहून विचारलं पाहिजे, आणि सभासद बहुतेक वेळा विचारत नाहीत. तुमचा राग तिथं रास्त आहे. माळरान, तुम्ही जिथं खेळाल तिथं पहिल्याच महिन्यात हा प्रश्न विचारा.

जाता जाता पटिंगला कामाची एक गोष्ट. आपल्याकडच्या ग्रीनवरही बहुतेक याच कुळातलं, बारीक पानाचं गवत असतं, आणि त्याला कल असतो. कलाच्या दिशेनं गवत चमकतं, बॉल पळतो. उलट दिशेनं गडद दिसतं, बॉल अडतो. भोकाची कड बघा : ज्या बाजूला काठ झिजलेला, विस्कटलेला दिसतो, गवताचा कल त्या बाजूला आहे.

माणदेशी

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. हरळीचं वाचून बरं वाटलं. प्रश्न तुम्ही लोकांनी आत राहून विचारलात तर त्याला वजन येईल.

पहाटवारा

सभासदत्वाचं काय? पुण्या-मुंबईत तेच मोठं कोडं आहे. येरवड्याचा पूना क्लब, चेंबूरची बॉम्बे प्रेसिडेन्सी, तिथं पाहुणा म्हणून कुणाचा हात धरून जावं लागतं. लष्कराच्या कोर्सवरही ओळख लागते.

लोखंड_की_ग्राफाइट

खारघरला जा. सिडकोनं डोंगरांच्या कुशीत केलेला कोर्स आहे, पैसे भरून कोणीही खेळू शकतं, सभासद असायची गरज नाही. पुण्याहून पहाटे निघालात तर पहिल्या टी-टाइमला पोहोचता येतं. असे कोर्स प्रत्येक मोठ्या शहराजवळ एक तरी हवेत. खेळ महाग आहे तो क्लबच्या फाटकामुळे, बॉल आणि काठीमुळे नव्हे.

चेंबूर_ते_सॅन_दिएगो

शंभर टक्के सहमत. मी चेंबूरला कोर्सच्या भिंतीच्या अलीकडे वाढलो, आत कधी पाऊल टाकलं नाही. इथं आल्यावर विद्यापीठात शिकत असताना खेळायला लागलो, मग मुलं लहान असताना पूर्ण बंद, आता 51 व्या वर्षी पुन्हा. टॉरी पाइन्स, जिथं 2008 आणि 2021 ची यूएस ओपन झाली, तो शहराच्या महापालिकेचा कोर्स आहे. शहरात राहणाऱ्यांना सवलतीत मिळतो. पण मी परत सुरुवात केली ती तिथून नाही, तर बाल्बोआ पार्कच्या 9 होलच्या लहान कोर्सवरून. तोही महापालिकेचाच. संध्याकाळी कामावरून सुटल्यावर दोन तासांत होतो. शेजारी ऐंशीच्या घरातल्या बायका आपली ट्रॉली ढकलत येतात आणि मला पटिंगमध्ये हरवून जातात. परतणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की सुरुवातीचं वर्षभर 18 चा आग्रह सोडा. नऊ खेळा, आणि ताजेतवाने घरी जा.

माळरान

सर्वांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

कॅन्टोन्मेंटकर काका, ब्राऊन आठवतात ना! कॅडीनं गोणपाट ओढला की तेलाचा तो वास यायचा. तुम्ही म्हणालात तसं केलंय, ड्रायव्हरला हात लावला नाही. ग्रिपा बदलल्या. एका स्नेह्यांनी पाहुणा म्हणून नेलं तेव्हा पटिंग ग्रीनवरच बराच वेळ काढला. तिथले एक जुने कॅडी जवळ येऊन उभे राहिले, साठीचे असतील. मी पंधरा फुटांवरून मारत होतो, प्रत्येक वेळी उजवीकडून कड घासून जात होता. ते म्हणाले, "साहेब, बॉल बघू नका. एक हात पुढं काय दिसतंय ते बघा." एक हातावर गवताचं एक वाळकं पातं होतं. "त्याच्यावरनं गेला पाहिजे. पुढचं त्याचं तो बघेल." मी त्या पात्यावरून मारला, आत. पुन्हा मारला, काठावर थांबला. मग त्यांनी मला ग्रीनच्या दुसऱ्या बाजूला नेलं, भोकाची कड बोटानं दाखवली आणि हरळी यांनी लिहिलेलंच सांगितलं : "हिकडनं कापलंय बघा, गवत हिकडं झोपतंय." धागा आधी वाचलेला असल्यामुळे मला लगेच दिसलं. बोलता बोलता कळलं की त्यांनी लहानपणी सायकलच्या लोखंडी सळीचा क्लब करून खेळायला सुरुवात केली, आणि आता त्यांचा नातू ज्युनियर स्पर्धा खेळतो. अली शेर 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरला, तोही कॅडीतूनच वर आलेला, हे त्यांनी इतक्या अभिमानानं सांगितलं की जणू घरातलाच माणूस.

माझं तर मत झालंय की पुन्हा शिकायला लागलेल्यांनी सुरुवातीला ट्रॉली न घेता चांगला कॅडी घ्यावा, आणि जमिनीबद्दल त्याला सारखं विचारत राहावं. शिवाय त्या माणसांचं पोट त्यावर आहे.

ताई, पान उलटायचा व्यायाम आम्ही दोघं करतोय. खांदा अजून हनुवटीखाली आलेला नाही, पण टाच उचलल्यापासून कंबर शांत आहे. सौ.चा कोचबरोबरचा तास मंगळवारचा, माझा गुरुवारचा, सईची आई यांनी सांगितल्याप्रमाणे!

आता एक शंका. पाऊस सुरू झालाय. परवा एका राउंडला माझा बॉल फेअरवेवर चिखलात पडल्या जागी रुतला, वरून फक्त टिकली दिसत होती. बरोबरचे एक जण म्हणाले तसाच खेळ, दुसरे म्हणाले खांद्याच्या उंचीवरून टाक. मला तर हात ताठ धरून टाकायचं आठवत होतं. आता नक्की नियम काय आहे?

कॅन्टोन्मेंटकर

हात ताठ, खांद्याच्या उंचीवरून, ही 1984 नंतरची पद्धत. त्याआधी तर भोकाकडं तोंड करून खांद्यावरून मागं टाकायचो. 2019 पासून दोन्ही गेलं, आता गुडघ्याच्या उंचीवरून.

रुतलेल्या बॉलला दंड नाही. स्वतःच्याच पडल्याच्या खड्ड्यात असेल आणि त्याचा काही भाग जमिनीच्या पातळीखाली असेल तर उचलायचा, पुसायचा, बॉलच्या लगेच मागची जागा धरून एका क्लबच्या लांबीत, भोकाच्या जवळ न जाता, गुडघ्यापासून टाकायचा. हे आता रफमध्येही चालतं, फक्त फेअरवेपुरतं नाही. बंकरच्या वाळूत मात्र नाही.

सईची_आई

पावसाचं साठलेलं पाणी असेल तरी फुकट सुटका आहे. उभं राहिल्यावर बुटाभोवती पाणी वर येत असेल तर तेही धरतात, नुसतं भुसभुशीत असेल तर नाही. पाणी पूर्ण टळेल अशी सर्वांत जवळची जागा शोधा, तिथून एका क्लबची लांबी. बंकर भरलेला असेल तर आतल्या आत फुकट, बाहेर काढायचा असेल तर एक दंड. आणि बॉल शोधायला आता पाच नाही, तीनच मिनिटं. पावसाळ्यात वाढलेल्या रफमध्ये हे लक्षात ठेवा, लगोलग दुसरा बॉल तात्पुरता मारून ठेवलेला बरा.

हाडं_आणि_सांधे

वीज चमकायला लागली की खेळ थांबवायचा, नियम त्याची परवानगी देतो, कुणाला विचारत बसायचं नाही. झाडाखाली उभं राहू नका आणि छत्री मिटा. ओल्या उतारावर उतरताना गुडघे जपा, बुटाचे स्पाइक झिजलेले असतील तर पावसाआधीच बदला. माळरान, जुन्या बॅगेत बूटही निघाले असतील तर त्यांचा तळवा वाकवून बघा, इतक्या वर्षांत गोंद सुटतो आणि चालता चालता निघून येतो.

माळरान

बूट निघालेत खरे. आत्ताच वाकवून बघितले, टाचेपाशी सुटलाय. उद्या नवे घेतो. कोणी रविवारी सकाळी खारघरला येणार असेल तर कळवा, आमच्या फोरबॉलमध्ये दोन जागा आहेत. आम्ही दोघं पुढच्या टीवरून, नऊच होल खेळणार आहोत.

पहाटवारा

एक जागा माझी. क्लब नाहीत, तिथं भाड्यानं मिळतात का बघतो.

लोखंड_की_ग्राफाइट

भाड्याच्या भानगडीत पडू नका, माझ्याकडं जास्तीचा अर्धा सेट आहे, रेग्युलर शाफ्टचा. दुसरी जागा मी घेतो आणि येताना तो घेऊन येतो.